वापसा आल्यावर थांबायचं नसतं: मनातलं काम लांबणीवर न टाकता सुरू करण्याची रीत

जूनमध्ये पहिला पाऊस पडला म्हणून मराठवाड्यातला जाणता शेतकरी लगेच तिफण जुंपत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यायचा, रानाला वापसा येऊ द्यायचा, मगच सोयाबीन पेरायचं. मूठभर माती दाबली की गोळा होतो, खाली सोडला की फुटतो आणि हाताला चिखल लागत नाही, म्हणजे वापसा आला. त्यानंतर मात्र हाच माणूस एक दिवस वाया घालवत नाही. १५ जुलैच्या पुढे पेरणी गेली की उतारा घटत जातो, हे त्याला पक्कं माहीत असतं.

मनात वर्षानुवर्षं घोळत असलेल्या कामाबाबत आपण असं वागत नाही. ‘एकदा सोयाबीन विकलं की’, ‘ताईचं लग्न उरकलं की’, ‘बँकेचं निल झालं की’, ‘यंदा पाऊस बरा झाला की’ ही वाक्यं वापशाची वाट बघितल्यासारखी वाटतात. पण त्यांत मोजण्यासारखं काहीच नसतं. पावसाचे मिलिमीटर मोजता येतात. ‘जरा बरे दिवस आले की’ हे कशानं मोजणार? म्हणून लग्न होतं, कर्ज फिटतं, पाऊसही होतो आणि काम तिथंच राहतं.

पहिला नियम इथूनच निघतो: थांबायचं असेल तर खुशाल थांबा, पण कशासाठी थांबता ते आकड्यात आणि तारखेत लिहा. दुसरी गोष्ट धाडसाची. आधी धाडस येतं आणि मग काम सुरू होतं, अशी बहुतेकांची समजूत असते. ते येत नाही म्हणून माणूस स्वतःलाच भित्रा ठरवून बसतो. खरं तर पहिलं पाऊल इतकं लहान करून घ्यावं लागतं की आज अंगात आहे तेवढं धाडस त्याला पुरेल. पुढच्या पावलाचं धाडस पहिल्या पावलातून येतं.

सगळं स्पष्ट व्हावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. समजा, कळंब तालुक्यातल्या एका बाईंच्या हातचा येसर मसाला, म्हणजे येसर आमटीसाठी धान्य-डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, पंगतीत नावाजला जातो. तो विकायचा, हे त्यांच्या मनात सहा वर्षांपासून आहे. तुमचं काम गॅरेजचं असेल, शिवणकामाचं, तबला शिकण्याचं किंवा अर्धवट राहिलेली पदवी पुरी करण्याचं. रीत तीच राहते.

वहीचं पहिलं पान: भीती रुपयांत आणि दिवसांत

साधी दोनशे पानी वही घ्या. सकाळी डोकं ताजं असताना तासभर बसा. रात्री दहानंतर हे काम करू नका, त्या वेळी प्रत्येक भीती दुप्पट दिसते. पानावर चार ओळी आखा: पैसा, घर, लोक, जमेल का. प्रत्येक ओळीत जे वाटतं ते आधी जसंच्या तसं लिहा आणि मग त्याच्यासमोर नेमकं काय होऊ शकतं ते लिहा.

‘बुडालो तर?’ याच्यासमोर ‘पहिल्या खेपेत रोख दोन हजार रुपये जातील, त्याहून जास्त नाही’ असं आलं पाहिजे. ‘लोक काय म्हणतील?’ याच्यासमोर माणसांची नावं लिहा. ‘लोक’ म्हणजे बहुतेक वेळा तीन ते पाच जणच निघतात: एक चुलत सासरे, एक शेजारीण, पारावर बसणारे दोघं. त्या प्रत्येकाच्या नावापुढे लिहा की तुमच्या घरचा किराणा ते भरतात का आणि तुमचा माल ते विकत घेणार आहेत का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्या नावावर काट मारा. एखाद्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ती भीती खरी आहे. त्या माणसाशी बोलावंच लागेल आणि ते कसं, हे पुढे येईल.

‘मला जमेल का?’ हा प्रश्न फोडून पाहा. येसर भाजणं जमतं, त्यात शंकाच नाही. जमत नाही ते दुकानदाराशी भावाचं बोलणं, पाकिटावर काय छापायचं ते आणि हिशोब. म्हणजे भीती तीन गोष्टींची आहे आणि तिन्ही आठ-पंधरा दिवसांत शिकण्यासारख्या आहेत.

या पानावर हमखास होणारी चूक म्हणजे सबंध स्वप्नाची भीती एकदम लिहिणं. कारखाना, दहा बाया कामाला, पुण्याला माल, असं लिहिलं की आकडा लाखात जातो आणि वही मिटते. आज भीती फक्त पहिल्या खेपेची लिहायची.

शंभर दाण्यांची चाचणी

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल तर पेरणीआधी उगवण तपासतात. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, दुसरं ओलं गोणपाट वर घालून गुंडाळी करायची आणि ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. कमी उगवले तर बियाणं वाढवायचं, फारच कमी असेल तर ते बियाणं पेरायचंच नाही. आठवडा, शंभर दाणे आणि एक गोणपाट, एवढ्यावर सबंध हंगामाचा निर्णय होतो.

तुमच्या कामाचीही अशीच चाचणी घ्या. तिला चार अटी लावा. खर्च एवढाच की तो पूर्ण गेला तरी घरात कुणाचं औषध, फी किंवा किराणा अडू नये. मुदत तीन आठवड्यांच्या आत. माल किंवा सेवा घेणारी माणसं अनोळखी. आणि निकालाचा आकडा चाचणीआधी लिहिलेला. ही शेवटची अट सोडू नका. ती नसली की कोणताही निकाल आपल्याला हवा तसा वाचता येतो.

येसराची चाचणी जवळून पाहू. खाण्याचा माल विकायचा असेल तर पहिल्या पाकिटाआधी अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. लहान घरगुती उद्योगाच्या मूलभूत नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो. ओळखपत्र, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो.

पाच किलोची खेप धरा. घरोघरचं प्रमाण वेगळं असतं, पण एक साधारण हिशोब असा: ज्वारी १ किलो, गहू अर्धा किलो, हरभरा डाळ १ किलो, धने १ किलो, वाळलेली लाल मिरची पाऊण किलो, सुकं खोबरं ४०० ग्रॅम, तीळ २०० ग्रॅम, जिरे १५० ग्रॅम आणि लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, तमालपत्र मिळून १५० ग्रॅम. हाताचा अंदाज इथं बंद करा. हजार-पाचशेचा डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक जिन्नस तोलून वहीत लिहा. पहिली खेप आवडली आणि दुसरी तशी उतरली नाही तर गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही, आणि दोन खेपांत फरक पडतो तो बहुतेक वेळा अंदाजानं टाकल्यामुळेच.

प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजा. धने आणि डाळ एकत्र टाकले तर डाळ भाजेपर्यंत धने करपतात आणि आमटीला कडवटपणा येतो. खोबरं शेवटी, हलकं तांबूस होईपर्यंतच. मग सगळं स्वच्छ सुती कापडावर पसरून तीन-चार तास पूर्ण गार होऊ द्या. घाई होते ती इथंच. कोमट माल गिरणीत नेला की दळताना तो आणखी तापतो, तसाच पाकिटात भरला की आतून वाफ धरते, गुठळ्या होतात आणि दोन-तीन आठवड्यांत कुबट वास सुटतो. दळून आणल्यावरही पसरून गार करा, मगच पाकीट सील करा. खोबरं जुनं असेल तर मसाला लवकर खवट होतो, म्हणून खोबऱ्याचा तुकडा आधी चावून बघा. प्रत्येक खेपेतलं एक पाकीट तारीख घालून बाजूला ठेवा आणि महिन्या-महिन्यानं थोडं काढून वास घ्या. पाकिटावर ‘किती महिन्यांत वापरावे’ ते या अनुभवावरून छापायचं.

भाजताना आणि गिरणीत घट येते, म्हणून शंभर ग्रॅमची पन्नास नाही, पंचेचाळीस पाकिटं धरा. आता किंमत. कच्चा माल समजा १,५०० रुपये, दळण १२०, गॅस १००, पाकिटं आणि लेबल २५०. इथं बहुतेक बाया थांबतात. दोन दिवसांची स्वतःची मजुरी ८०० रुपये यात लिहाच. एकूण २,७७० झाले, म्हणजे एका पाकिटाला साडेएकसष्ट रुपये. छापील किंमत ८० ठेवली आणि दुकानदारानं १५ टक्के घेतले तर हाती ६८ येतात, पाकिटामागे साडेसहा रुपये सुटतात. स्वतः थेट विकलं तर साडेअठरा. मजुरी न धरता ५० रुपयांना विकणाऱ्या बाईंची पाकिटं भराभर खपतात, सगळे कौतुक करतात आणि चार महिन्यांनी त्या थकून बंद करतात. हे गावोगाव दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं, कारण हातात गुण असतो आणि हरवतो तो हिशोबात.

विकायचं कुणाला? नातेवाइकांना नाही. ते घेतात, छान म्हणतात, पण त्या ‘छान’मध्ये तुमच्याबद्दलची माया असते, मालाबद्दलची माहिती नसते. गावात बहुतेक घरी मसाला घरचाच असतो, तिथंही खप कमीच. येसराचं खरं गिऱ्हाईक आहे गाव सोडून गेलेलं: छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांत काम करणारी कुटुंबं, पुण्यात खोली करून राहणारी पोरं, लातूर-नांदेडला शिकवणीसाठी राहिलेल्या मुलांच्या आया. अशा किमान तीस अनोळखी माणसांपर्यंत पाकीट पोहोचवा. फुकट देऊ नका. फुकटच्या पाकिटावरून काहीच कळत नाही. उधारही नको, रोख घ्या किंवा क्यूआर कोडवर घ्या.

आकडा आधीच लिहिलेला असू द्या: तीसपैकी दहा जणांनी पैसे देऊन घेतलं आणि त्या दहांतल्या चौघांनी चाचणीच्या मुदतीतच स्वतःहून पुन्हा मागितलं, तर पुढची खेप. दुसऱ्यांदा घेणाऱ्यांचा आकडा सगळ्यात खरा. पहिलं पाकीट उत्सुकतेनं जातं, दुसरं चवीनं.

विक्रीचं काम नसेल तर चाचणी बदलते, अटी त्याच. गॅरेज काढायचं असेल तर आधी तीन आठवडे दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये संध्याकाळी दोन तास काम करा आणि एकट्यानं किती गाड्या नीट केल्या, किती परत आल्या ते लिहा. पदवी पुरी करायची असेल तर प्रवेशाआधी तीन आठवडे रोज पाऊण तास त्याच विषयाचं पुस्तक वाचून बघा. २१ पैकी १५ दिवस बसणं झालं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं जवळचं अभ्यासकेंद्र गाठा. तबला शिकायचा असेल तर तबला विकत घेऊ नका, गुरुजींकडचा वाजवा.

तारीख कशी धरायची

आपल्याकडचं वर्ष इंग्रजी कॅलेंडरवर चालत नाही, हे मान्य करून तारीख काढा. जून-जुलैत पैसा रानात जातो आणि माणूसही. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, दिवाळीच्या आगेमागे हातात रक्कम दिसते आणि त्याच वेळी कृषी केंद्राची उधारी, कपडे, फी दारात उभी असते. तूर निघते ती जानेवारीच्या पुढे-मागे. लग्नसराईत घरातला कुणीच मोकळा नसतो. मार्चपासून उन्हाळी कामं, नवी मिरची, पापड-कुरडया. आणि अनेक गावांत पाण्याचा अर्धा दिवस टँकरपाशी जातो.

मसाल्यासाठी मार्च ते मे हा काळ चांगला. ऊन कडक असतं, मिरची नवी असते, वाळवण होतं. ज्या घराला दसऱ्यानंतर ऊसतोडीला जावं लागतं, त्यांच्या हातात तर परत आल्यावरचे हे दोन-अडीच महिनेच असतात. त्यांनी चाचणी त्यातच बसवावी आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायच्या आधी निकाल हाती असेल असं बघावं. उचल घेतली की पुढचे सहा महिने आपले राहत नाहीत.

मुहूर्ताबद्दल. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा यांवर आपल्या माणसांची श्रद्धा आहे आणि ती राहू द्या. फक्त मुहूर्त ‘त्या दिवशी सुरू करू’ असा धरू नका, ‘त्या दिवसाच्या आत चाचणी संपलेली असेल’ असा धरा. दसऱ्याला शिव ओलांडायची तर दसऱ्याच्या आधी शिवेपर्यंत चालत जावं लागतं.

तारीख ठरली की पहिलं काम पुढच्या ४८ तासांत करा आणि ते परत फिरवायला अवघड असं निवडा: पाकिटांची ऑर्डर, गुरुजींना पहिल्या महिन्याची फी, गिरणीवाल्याला वेळ सांगून ठेवणं. वहीतली तारीख एकट्यानं मोडता येते, दुसऱ्याला सांगितलेली वेळ मोडायला जीव अवघडतो.

घरात कसं बोलायचं

घरच्यांचा विरोध बहुतेक वेळा कामाला नसतो, अंदाज न आलेल्या गोष्टीला असतो. ‘मला धंदा करायचाय’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गहाण पडलेलं रान येतं. म्हणून परवानगी सबंध स्वप्नाची मागू नका. तीन गोष्टी मागा: इतके पैसे, इतके दिवस, इतका वेळ.

वेळ बघून बोला. फवारणीचं बिल आलेल्या दिवशी नको, पाहुण्यांसमोर नको, जेवणाच्या ताटावर नको. सकाळचा चहा झाल्यावर सासूबाई निवांत असताना सून असं म्हणू शकते:

‘आत्याबाई, येसराची पंचेचाळीस पाकिटं करून बघावी म्हणते. दोन हजार लागतील, ते माझ्या गटातल्या बचतीतले. मंगळवार-बुधवार दोन दिवस मी त्यात असंन. तेवढा स्वयंपाक तुम्ही सांभाळता का? पाडव्यापर्यंत बघू. खपलं नाही तर बंद.’

‘आन् लोकं काय म्हणतील, घरचा मसाला इकायला लागली म्हणून?’

‘भाजायला तुम्हीच शिकवलं की. पाकिटावर तुमचं नाव टाकते.’

या बोलण्यात रक्कम आहे, ती कुठून येणार ते आहे, दिवस आहेत, बंद करायची अट आहे आणि सासूबाईंना जागा आहे. ही शेवटची गोष्ट फार मोलाची. ज्याला कामात जागा मिळते, तो सहसा आडवा येत नाही.

मुलगा वडिलांशी बोलताना उलटी चूक करतो. तावातावानं बोलतो आणि आकडा सांगत नाही. ‘आबा, तुम्हाला कळत नाही’ हे वाक्य तोंडातून गेलं की तो महिना संपला. त्याऐवजी वही पुढे ठेवा. आबांना अक्षर वाचायचा कंटाळा असला तरी आकडा ते वाचतात. ‘नाही’ आलंच तर वाद घालू नका, ‘किती पैशांपर्यंत चालेल?’ एवढंच विचारा. दोन हजार नको म्हणणारा माणूस पाचशेला हो म्हणतो. मग चाचणी पाचशेची करा.

नोकरीत असाल तर: धूळपेरणी टाळा

कपाशीची धूळपेरणी करणारे पावसाआधीच कोरड्या मातीत बी टाकतात. पाऊस वेळेवर आला तर साधतं, नाहीतर दुबार पेरणी गळ्यात येते. चाचणी न करता नोकरी सोडणं हीच धूळपेरणी. राजीनाम्याआधी दोन आकडे पूर्ण झाले पाहिजेत: घरखर्चाचे सहा महिने बाजूला, आणि जोडकामातून सलग तीन महिने पगाराच्या निम्मी कमाई. शेतीवर अवलंबून असलेल्या घरानं सहाऐवजी आठ महिने धरावेत, कारण एक हंगाम हातचा गेला तर पुढचा पैसा तितक्या लांब असतो.

कंपनीत पाळ्या फिरत असतील तर रोज ठरावीक वेळ काढायचा हट्ट सोडा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळचे दोन तास घ्या, रात्रपाळीच्या आठवड्यात काहीच ठेवू नका. महिन्याला वीस तास नीट मिळाले तरी चाचणी होते.

स्पर्धा परीक्षेत अडकलेल्यांसाठी

मराठवाड्यातल्या हजारो घरांत स्वप्न लांबण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि त्याबद्दल घरात कुणी मोकळं बोलत नाही. अधिकारी होणं हे खरं स्वप्न असू शकतं, त्यासाठी झटणाऱ्याला कुणी हिणवू नये. अडचण एवढीच की या वाटेवर थांबायची खूण कुणी रोवलेली नसते. राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षं आहे. कायदा तिथवर थांबू देतो म्हणून माणूसही तिथवर थांबतो.

वहीत लिहा: खोली, मेस, अभ्यासिका, क्लास, येणं-जाणं यांचा महिन्याचा खर्च, गुणिले बारा. त्याखाली मागच्या तीन पूर्वपरीक्षांचे गुण आणि त्या वेळचा कटऑफ. दर परीक्षेला कटऑफपासूनचं अंतर कमी होत असेल तर चालू ठेवा आणि किती प्रयत्न उरले ते आजच्या तारखेसह लिहा. अंतर तसंच असेल किंवा वाढत असेल तर आणखी एक वर्ष दिल्यानं ते घटणार नाही; अभ्यासाची पद्धत तरी बदलावी लागेल किंवा वाट तरी. तिसरी सोय म्हणजे परीक्षा सुरू असतानाच आठवड्याला सहा तास दुसऱ्या कामाची चाचणी. त्यामुळे अभ्यास बुडतो असं म्हणतात, पण ‘हे नाही झालं तर काहीच नाही’ ही धास्ती जितका अभ्यास खाते तितका सहा तास खात नाहीत.

हे सांगताना घरच्यांचा जीव राखा. गावात ‘साहेब होणार’ म्हणून आईनं आठ वर्षं सांगितलेलं असतं. तिला हे आधी एकटीला सांगा, बाकीच्यांना नंतर.

पैसा आणि कागद

क्रम असा ठेवा: स्वतःची बचत, मग बचत गट, मग बँक. गटाचं कर्ज शेकडा दोननं असेल तर ते वर्षाला २४ टक्के होतं, सावकाराचं शेकडा पाच म्हणजे ६० टक्के. साडेसहा रुपये सुटणाऱ्या पाकिटाला हे व्याज पेलत नाही. सोनं गहाण ठेवून चाचणी करू नका, चाचणीला सोन्याची गरज पडली म्हणजे ती मोठी झाली आहे.

चाचणी पास झाल्यावर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करा. ती ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे, आधार लागतं. त्यासाठी कुणी हजार-पाचशे मागत असेल तर देऊ नका. मुद्रा कर्जात शिशु गट ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत आणि तरुण १० लाखांपर्यंत असतो. तारण लागत नाही, पण सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, बघितलं जातं. जुनं पीककर्ज थकलेलं असेल तर बँकेत जाण्याआधी त्याचा निकाल लावा, नाहीतर फाईल तिथंच अडते. यंत्रसामग्रीपर्यंत गेलात तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. त्यात प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान असतं आणि ५ ते १० टक्के स्वतःचे घालावे लागतात. ते अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. योजना चालू आहे का आणि अटी काय, हे जाण्याच्या दिवशी पुन्हा विचारून घ्या.

शिकायचं असेल तर जिल्ह्याजिल्ह्यात बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तिथलं प्रशिक्षण, राहणं, जेवण मोफत असतं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे. अन्नप्रक्रियेसाठी परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि जवळचं कृषी विज्ञान केंद्र, इथं विचारायला पैसे पडत नाहीत.

एक धोका ठळक सांगतो. अनुदान हे लांबणीवर टाकायचं सगळ्यात प्रतिष्ठित कारण झालं आहे. ‘फाईल टाकलीय, मंजूर झाली की सुरू’ म्हणत दोन वर्षं जातात आणि कुणी नावही ठेवत नाही. अनुदानाशिवाय पाच किलो विकता आला नाही तर अनुदान घेऊन पाचशे किलो विकला जाणार नाही. ‘मंजूर करून आणतो, एवढे टक्के द्या’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

दुबार पेरणीची वेळ आली तर

उगवण विरळ झाली की शेतकरी महिनाभर रानाकडे बघत बसत नाही. आठ-दहा दिवसांत नांगे, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, भरायचे की मोडून पेरायचं ते ठरवतो. चाचणी फसली तर तुम्हीही दहा दिवसांत ठरवा. त्याआधी पुन्हा न घेणाऱ्या पाच जणांना फोन करा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका, भिडेखातर ‘हो’ येतं. ‘पाकीट संपलं का? आता घरात कोणता मसाला वापरता? का?’ असं विचारा.

उत्तरं साधारण तीन ठिकाणी जातात. पाकीट अर्धं तसंच पडलंय: मालात दोष, तिखट जास्त किंवा करपलेला. संपलं पण पुन्हा घेतलं नाही: किंमत, किंवा मिळण्याची सोय नाही. उघडलंच नाही: गिऱ्हाईक चुकलं, त्यांच्या घरात येसर आमटी होतच नाही. कारण कळलं की एकच गोष्ट बदला आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. चव, किंमत आणि गिऱ्हाईक तिन्ही एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही आणि तिसरी खेपही अंदाजानंच जाते.

दोन चाचण्या फसल्या की त्या रूपातलं काम थांबवा. उरलेली पाकिटं मुदत संपायच्या आत वाटून टाका, गिरणीवाल्याचे आणि पाकीटवाल्याचे पैसे त्याच आठवड्यात चुकते करा, गटातून काढलेली रक्कम किती महिन्यांत भरणार ते गटाच्या पुढच्या बैठकीत सांगा. काटा आणि सीलिंग मशीन विकू नका. नमुन्याची पाकिटंही ठेवा, त्यांचा वास महिन्या-महिन्यानं घेत राहा आणि वहीत लिहीत राहा, कारण दळून आणलेला माल नेमका किती दिवस टिकतो, हे पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी लागणार आहे.